बर्फ वितळतो त्यांच्या दारात, पाणी चढतं आपल्या

शिरीषफूल

जून 2019 मधला एक फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. कुत्र्यांची एक रांग स्लेज ओढते आहे आणि पायाखाली बर्फाऐवजी निळंशार पाणी. वाटावं, कुत्री समुद्रावरून चालली आहेत. फोटो वायव्य ग्रीनलंडमधल्या इंगलफील्ड फियोर्डचा, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याचा आहे. डेन्मार्कच्या हवामान संस्थेचे स्टेफेन ओल्सेन तिथे ठेवलेली उपकरणं आणायला स्थानिक शिकाऱ्यांबरोबर निघाले होते, तेव्हा त्यांनी तो काढला. खाली समुद्राचा बर्फ जाड होता. वरचा थर एकाएकी वितळला, बर्फाला भेगा नसल्याने पाण्याला खाली जायला वाट मिळाली नाही आणि ते घोट्याएवढं साचून राहिलं. आठवडाभर हा फोटो जगभर फिरला. पुढे काय? काही नाही. लोक दुसऱ्या फोटोकडे वळले.

मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. ध्रुवीय बर्फाचा धडा मुलं मन लावून ऐकतात, परीक्षेत उत्तरंही चोख लिहितात आणि तो विषय तिथेच संपतो. मोठी माणसंही याहून वेगळी नाहीत. या उदासीनतेला लोक आळस म्हणतात, अज्ञान म्हणतात, स्वार्थ म्हणतात. तिन्ही थोडं थोडं खरं आहे. पण मला यामागे आणखी एक कारण दिसतं आणि ते थेट भौतिकशास्त्रातलं आहे. धागा त्यासाठीच काढला.

ग्रीनलंडवर बर्फाचा जो थर आहे, तो मध्यभागी तीन किलोमीटरहून जाड आहे. एवढ्या प्रचंड वस्तुमानाचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण असतं. भोवतालचा समुद्र तो आपल्याकडे ओढून धरतो, त्यामुळे ग्रीनलंडच्या किनाऱ्याला पाण्याची पातळी मुळात उंचावलेली आहे. बर्फ वितळला की ही ओढ कमी होते आणि धरलेलं पाणी दूर सरकतं. शिवाय डोक्यावरचा भार हलका झाल्यामुळे जमीनही हळूहळू वर येते. परिणाम असा, की वितळणाऱ्या थरापासून साधारण दोन हजार किलोमीटरच्या परिसरात समुद्र चढत नाही, उलट उतरतो. चढतो तो लांबच्या महासागरांत. पश्चिम अंटार्क्टिकाचंही तेच. तिथला बर्फ गेला तर हिंदी महासागरात आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर वाढ जागतिक सरासरीपेक्षा जास्त असेल.

म्हणजे पाहा. ग्रीनलंडमधल्या इलुलिसाटच्या मच्छिमाराला हिमनदी मागे हटताना डोळ्यांनी दिसते, पण त्याच्या धक्क्याला समुद्र बुडवत नाही. आणि ज्याच्या शेतात समुद्र शिरतो, त्याने आयुष्यात हिमनदी पाहिलेली नसते. ज्याच्या डोळ्यांसमोर कारण आहे, त्याच्या डोळ्यांसमोर परिणाम नाही. गावात नदीला पूर आला की वरच्या धरणाचे दरवाजे उघडले हे आपण ताबडतोब जोडतो, भांडतोही. इथे वरचं धरण आठ-दहा हजार किलोमीटरवर आहे, आणि ते एका रात्रीत नाही, शंभर वर्षांत उघडतंय.

आकडे मोजकेच देते. 1901 ते 2018 या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत वाढ वर्षाला 1.3 मिलिमीटर होती, 2006 ते 2018 मध्ये ती 3.7 मिलिमीटर झाली. ग्रीनलंडवरचा बर्फ 2002 पासून वर्षाला सरासरी 270 अब्ज टनांच्या आसपास घटतो आहे. तो सगळा गेला तर समुद्र सात मीटरहून जास्त चढेल. तसं व्हायला शेकडो, कदाचित हजारो वर्षं लागतील. मुलांना घाबरवण्यासाठी हा सात मीटरचा आकडा लगेच तोंडावर फेकला जातो, ते मला पटत नाही. या शतकात काय होणार, ते पुरेसं गंभीर आहे.

एक खुलासा, कारण हा गोंधळ नेहमी होतो. उत्तर ध्रुवावर जो बर्फ आहे तो समुद्राचंच गोठलेलं पाणी आहे, तरंगता. तो वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही. पण त्याचं काम वेगळं आहे. ताजा हिम पडलेला बर्फ 80 टक्क्यांहून जास्त सूर्यप्रकाश परत पाठवतो, उघडा समुद्र नव्वद टक्क्यांहून जास्त शोषून घेतो. बर्फ हटला की समुद्र तापतो, तापला की आणखी बर्फ हटतो. सप्टेंबर 2012 मध्ये उत्तरेकडचा हा बर्फ 34 लाख चौरस किलोमीटरपर्यंत खाली आला होता. 1981 ते 2010 ची सप्टेंबरमधली किमान सरासरी 62 लाखांच्या वर आहे. 1979 पासून आर्क्टिक उर्वरित जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापलं आहे, त्यात या चक्राचा मोठा हात आहे.

प्रश्न असा: दोन टोकांची ही माणसं एकमेकांना कशी जोडायची? ज्यांनी यातलं काही जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहावं.

---

देवगड_किनारा

गुरुत्वाकर्षणाचा मुद्दा पहिल्यांदाच वाचला. पाणी सगळीकडे सारखं वाढतं असंच धरून चाललो होतो. वाचतोय.

---

तर्कसंगत

लेख मनापासून लिहिलाय, आवडला. पण काही शंका आहेत आणि त्या मी खिजवण्यासाठी विचारत नाही.

एक, अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ कित्येक वर्षं वाढत होता. 2014 मध्ये तर विक्रम झाला. मग "दोन्ही ध्रुव वितळताहेत" असं सरसकट कसं म्हणायचं? दोन, भारताचं अंटार्क्टिकावरचं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, बर्फाखाली गाडलं गेलं म्हणून सोडावं लागलं. बर्फ कमी होत असेल तर इमारत गाडली कशी जाते? तीन, हिमयुगं येतात-जातात. माणूस नव्हता तेव्हाही बर्फ वितळला होता. लोक उदासीन आहेत असं म्हणण्याआधी, त्यांच्या मनातले हे प्रश्न कोणी नीट सोडवून सांगितले का?

---

मैत्रीचा_हिवाळा

तर्कसंगत, प्रश्न रास्त आहेत. मी शास्त्रज्ञ नाही. मोहिमेत वाहनं आणि जनरेटर सांभाळणाऱ्या तुकडीत होतो, एक अख्खा हिवाळा 'मैत्री' या भारताच्या अंटार्क्टिकावरच्या केंद्रात काढलाय. दक्षिण गंगोत्रीबद्दल मी सांगू शकतो.

ते केंद्र 1983 मध्ये उभं राहिलं ते हिमपट्टीवर, म्हणजे जमिनीवरून वाहत येऊन समुद्रावर तरंगत राहिलेल्या बर्फाच्या जाड तक्त्यावर. तिथे वारा सतत भुरभुर हिम आणून टाकतो. कुठलीही उभी वस्तू दिसली की तिच्या आडोशाला ढीग साचतो. आम्ही डिझेलचे पिंप एका रात्री उघड्यावर ठेवले, तर सकाळी काठीने टोचून शोधावे लागायचे. इमारत गाडली जाण्यासाठी खंडाचा बर्फ वाढावा लागत नाही. जुन्या हिमावर नवा हिम साचत राहतो आणि सगळा तक्ता हळूहळू समुद्राकडे सरकत असतो. म्हणूनच 1989 मध्ये 'मैत्री' बांधताना शिर्माखर ओॲसिसचा उघडा खडक निवडला. बर्फाच्या कडेपासून तिथपर्यंत साधारण शंभर किलोमीटर. पिस्टन बुली नावाच्या साखळीपट्ट्याच्या गाड्यांनी सामान ओढत न्यायचं. वाटेत वाऱ्याने कोरलेल्या बर्फाच्या टणक लाटा. गाडी त्यावर आपटत चालते, पट्ट्याचा बोल्ट ढिला झाला तर हातमोजा काढल्याशिवाय आवळता येत नाही आणि काढला तर बोटं मिनिटाभरात बधिर.

आता मुद्दा. अंटार्क्टिकाचा बर्फ वर हिम पडून वाढतो आणि कडांना समुद्रात जाऊन घटतो. जमा आणि खर्च. पूर्वेच्या काही भागांत जमा जास्त आहे. पश्चिमेकडे खर्च फार वाढलाय, आणि एकूण गोळाबेरीज वर्षाला शंभर अब्ज टनांहून जास्त तोट्याची आहे. हा तोटा वरून ऊन लागून होत नाही, खालून होतो. थ्वाइट्स हिमनदी घ्या. महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठी. तिचा तळ समुद्रसपाटीखाली टेकलाय आणि आत जावं तसा अधिक खोल होत जातो. खोल समुद्रातलं किंचित कोमट पाणी त्या तळाशी शिरतं. 2020 मध्ये संशोधकांनी जवळपास सहाशे मीटर बर्फाला भोक पाडून त्यातून आइसफिन नावाचं यंत्र खाली सोडलं आणि जिथे बर्फ जमिनीवरून सुटतो ती जागा पहिल्यांदा पाहिली. एकट्या थ्वाइट्समध्ये समुद्र 65 सेंटिमीटर चढवण्याइतकं पाणी आहे.

समोरच्या तरंगत्या हिमपट्ट्या या हिमनद्यांना कलत्या भिंतीला दिलेल्या टेकूसारख्या रोखून धरतात. 2002 च्या सुरुवातीला लार्सन बी ही पट्टी जेमतेम महिनाभरात फुटली, 3,250 चौरस किलोमीटर. ती तरंगतीच होती, त्यामुळे तिच्यामुळे पाणी चढलं नाही. पण तिच्या मागच्या हिमनद्या नंतर कित्येक पटींनी जोरात धावायला लागल्या, आणि ते पाणी मात्र हिशोबात धरायचं.

2014 चा विक्रम खरा आहे. पुढचं पान असं: 2016 मध्ये तो समुद्री बर्फ एकदम कोसळला आणि नंतर पूर्ववत झालाच नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये 18 लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला, उपग्रह नोंदी सुरू झाल्यापासूनचा नीचांक. त्याच वर्षी हिवाळ्यातली कमाल मर्यादाही सर्वांत कमी होती. 2022 मध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्रातल्या एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींत पिल्लं वाचलीच नाहीत, असं उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दिसलं. पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं यायच्या आत पायाखालचा बर्फ फुटला.

---

वास्कोचा_वारा

हिमयुगांच्या प्रश्नाला मी थोडी भर घालतो. आमच्या वास्कोला, सड्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांचा गोव्याशी संबंध पहिल्यापासूनचा, डिसेंबर 1981 मधली डॉ. एस. झेड. कासिम यांची पहिली मोहीम इथूनच निघाली. कामानिमित्त मी त्या केंद्रात गेलोय. बाहेर मे महिन्याचा उकाडा, अंगाला चिकटणारी दमट हवा, आणि आत एका दारापलीकडे उणे 20 अंश. जाड जाकीट घालून आत जायचं. तिथे अंटार्क्टिकातून आणलेल्या बर्फाच्या कांड्या ठेवल्यात. पातळ काप प्रकाशासमोर धरला की आत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. हिम दाबला जाऊन बर्फ बनला तेव्हाची हवा त्यात अडकलेली असते.

अंटार्क्टिकातल्या अशाच कांड्यांवरून आठ लाख वर्षांची हवा मोजली गेली आहे. हिमयुगं आली आणि गेली, कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत साधारण 180 ते 300 च्या दरम्यान हलत राहिला. 1958 मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा 315 होता. आज 420 च्या वर आहे. बर्फ पूर्वीही वितळला होता हे बरोबरच आहे. तेव्हा का वितळला आणि आता का वितळतोय, ही दोन्ही उत्तरं त्याच बुडबुड्यांतून मिळतात आणि ती वेगळी आहेत.

आणि शिरीषफूल ताई, "लांबचं" म्हणताना एक गोष्ट लक्षात घ्या. याच केंद्रातल्या संशोधकांनी 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला बर्फ कमी असतो तेव्हा आपल्या मोसमी पावसाच्या शेवटच्या टप्प्यात, सप्टेंबरमध्ये, मध्य भारतात अतिवृष्टीचा संभव वाढतो असा संबंध त्यांनी मांडला. "संभाव्य संबंध" असंच ते म्हणतात, जास्त दावा करत नाहीत. पण ऐन काढणीच्या वेळचा पाऊस काय करतो ते विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विचारा.

---

ट्रोम्सोकर

उत्तर नॉर्वेतून लिहितेय. कामामुळे स्वालबार्डला जाणं होतं, भारताचं 'हिमाद्री' केंद्र 2008 पासून ज्याच्या न्यू-ओलसुंड या वस्तीत आहे तो द्वीपसमूह.

लाँगइयरब्येन हे तिथलं मुख्य गाव इसफियोर्डच्या काठावर आहे. हा फियोर्ड हिवाळ्यात गोठायचा, लोक त्यावरून स्नोमोबाइलने पलीकडे जायचे. 2006 पासून बहुतेक हिवाळ्यांत तो मोकळाच असतो. तिथल्या जुन्या लोकांशी बोललं की ते आधी हिमस्खलनाबद्दल बोलतात. 19 डिसेंबर 2015 च्या सकाळी डोंगरावरून हिम घसरून गावातल्या घरांवर आला, दोन जीव गेले. त्यानंतर त्या उताराखालची कित्येक घरं कायमची रिकामी केली. जगभरचं बियाणं साठवणारं भांडारही इथेच आहे. कायम गोठलेल्या डोंगरात ठेवलेलं बियाणं विजेशिवायही सुरक्षित राहील, या भरवशावर ते 2008 मध्ये बांधलं. 2016 च्या शरद ऋतूत प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरलं. बियाण्याला काही झालं नाही, पण बोगदा नव्याने बांधावा लागला.

माझा मूळ लेखाशी एका ठिकाणी मतभेद आहे. सगळेच उदासीन नाहीत. काही जण या वितळण्याची वाट बघताहेत. 2017 मध्ये एक रशियन वायुवाहू जहाज बर्फफोड्याच्या सोबतीशिवाय उत्तरेच्या सागरी मार्गाने नॉर्वेहून दक्षिण कोरियाला पोचलं. आमच्या नॉर्वेत 2024 मध्ये नव्या गाड्यांपैकी दहातल्या जवळपास नऊ विजेवर चालणाऱ्या होत्या, आणि मार्च 2025 मध्ये याच नॉर्वेने बॅरेंट्स समुद्रात योहान कास्टबर्ग हे नवं तेलक्षेत्र सुरू केलं. इथले माझे सहकारी संवेदनशील आहेत, हवामानाबद्दल पोटतिडकीने बोलतात, आणि त्यांचं निवृत्तिवेतन त्याच तेलाच्या पैशातून उभं आहे. मला त्यांचा राग येत नाही, पण हे बघवतही नाही. "लोकांना कळत नाही" या निदानाने इथलं काहीच उलगडत नाही. इथे सगळ्यांना सगळं कळतं.

---

शिरीषफूल

ट्रोम्सोकर, मान्य. मी सामान्य माणसाबद्दल लिहीत होते आणि तुम्ही हिशोब करणाऱ्यांबद्दल लिहिलंत. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. किनाऱ्यावरचा माणूस गप्प राहतो, म्हणूनच त्यांचा हिशोब बिनबोभाट पुढे सरकतो.

---

नीलमोहर

मला एक प्रश्न बरेच दिवस पडलाय. ओझोनच्या वेळी जगाला कसं जमलं? तेही अंटार्क्टिकाचंच प्रकरण. 1985 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी हॅली केंद्रावरच्या नोंदींवरून ओझोनचं छिद्र जाहीर केलं आणि 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झालासुद्धा. दोन वर्षांत! आता अंटार्क्टिकावरचा ओझोन 2066 च्या सुमारास 1980 च्या पातळीला येईल असा अंदाज आहे. तेव्हाही संकट लांबचंच होतं, दिसत नव्हतंच.

उलट इथे तर किती आधीपासून माहीत आहे. युनिस फूट यांनी 1856 मध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात जास्त तापते हे दाखवलं. अऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये हातानं गणितं करून तापमानवाढ मोजली. जेम्स हॅन्सन यांनी जून 1988 मध्ये अमेरिकी सिनेटसमोर साक्ष दिली. मग?

---

जुना_जलसंपदा

नीलमोहर ताई, मला समजतं ते सांगतो. ओझोनमध्ये दोषी रसायनं मोजकी होती, ती बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्याय तयार होत होते. फ्रिजमधला वायू बदलला तरी घरात फ्रिज राहणारच होता, कोणाला जगण्याची रीत बदलावी लागली नाही. शिवाय त्वचेचा कर्करोग म्हटल्यावर श्रीमंत देशांतला माणूस स्वतःच्या हाताकडे बघू लागला. इथे कोळसा-तेल म्हणजे वीज, खत, सिमेंट, पोलाद, वाहतूक. दोषी कोण विचारलं तर प्रत्येकाच्या घरात थोडा थोडा सापडतो, आणि तोटा मुख्यतः दुसऱ्याच्या गावात होतो.

---

तर्कसंगत

मैत्रीचा_हिवाळा आणि वास्कोचा_वारा, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. हे असं कोणी समोर बसून सांगत नाही, ही माझी तक्रार होतीच.

पण मग न्यायाचा प्रश्न येतो. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइड वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदा-पंधरा टन. दीडशे वर्षं धूर त्यांनी सोडला. मग ग्रीनलंडच्या बर्फाची काळजी रत्नागिरीच्या रिक्षावाल्याने का करायची? त्याला उदासीन म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्याकडे उदासीन व्हायलाही सवड नाही.

---

नीलमोहर

रिक्षावाल्याला कोणीच बोल लावू नये, अगदी बरोबर. पण धूर कोणाचा हे पाणी विचारत नाही. ज्याने धूर सोडला त्याच्याकडून भरपाई मागायची, तर आपलं काय नि किती जातंय याची नोंद आपल्याकडे हवी. मुंबईला अपोलो बंदरावर भरती-ओहोटीच्या नोंदी 1878 पासून आहेत, आशियातल्या जुन्यांत जुन्या नोंदींपैकी. बाकी किनाऱ्यावर गावोगावी काय आहे?

---

खारेपाट_शेतकरी

काही नाही. तेच सांगायला लिहितोय. एरवी मी फक्त वाचतो.

अलिबाग-पेण पट्ट्यातला मी खारेपाटातला शेतकरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमची भातशेती खाडीच्या भरतीच्या पातळीखाली आहे. पूर्वजांनी मातीचे बांध घालून खाडी अडवली आणि जमीन काढली. बांधात उघाडी असते, एक झापेचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झाप ढकलून बाहेर जातं, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झाप आपोआप बंद होते. बांधाची निगा पूर्वी जोळ पद्धतीने राखायचे, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून. आता बांध सरकारी आहेत.

उधाणाला बांधाला खांड गेली की खारं पाणी आत येतं. एकदा आलं की पुढची दोन-तीन वर्षं भात नीट येत नाही. मीठ जमिनीच्या वर फुलतं, पांढरी कड धरते, पायाखाली कुरकुरते. पनवेल-3 सारखं खार सोसणारं बियाणं लावलं तरी उतारा घटतोच. नंतर तिथे कांदळवन उगवतं, आणि मग ती जमीन शेती म्हणून परत मिळवणं फार कठीण.

तुमचं ग्रीनलंडचं वाचून एक गोष्ट डोक्यात आली, ती बरोबर की चूक सांगा. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत खांड न जाताही शेतात पाणी तुंबतं. उघाडी दुरुस्त असते, गाळ काढलेला असतो, तरी पाऊस थांबल्यावर पाणी पूर्वीसारखं लवकर उतरत नाही. आम्ही पावसाला दोष देतो. कार्यालयात गेलो की सांगतात, पाऊसच जास्त झाला. समुद्राची पातळी वाढल्याने असं होऊ शकतं का?

---

जुना_जलसंपदा

हो, होऊ शकतं. तुमच्या गावात नक्की तेच झालंय का, हे मोजल्याशिवाय मी म्हणणार नाही. खाडीत गाळ साचणं, पात्रात भराव, पावसाचा जोर, ही कारणंही असतात.

पण यंत्रणा समजून घ्या. उघाडी कधी वाहते? बाहेरचं पाणी आतल्या पाण्याच्या खाली असतं तेवढाच वेळ. म्हणजे दर ओहोटीला काही तास. खाडीची सरासरी पातळी थोडी जरी वर गेली तरी ओहोटीत पाणी उघाडीखाली जायला उशीर होतो आणि भरतीला ते लवकर परत येतं. वाहण्याचा वेळ दोन्ही बाजूंनी कापला जातो. बांधावरून पाणी येण्याआधी कितीतरी वर्षं हा परिणाम सुरू होतो, आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही कारण फोटो काढण्यासारखं काही घडत नाही. मिलिमीटरच्या गोष्टी ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण खारेपाटासारख्या सपाट जमिनीवर उताराचा हिशोब बोटांच्या पेरांवर असतो. दहा सेंटिमीटर तिथे खूप झाले.

तुम्ही पुढे किती धरायचं विचाराल म्हणून हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) 2021 च्या अहवालातले आकडे देतो. 1995 ते 2014 च्या सरासरीच्या तुलनेत 2050 पर्यंत जगाची सरासरी वाढ साधारण 20 सेंटिमीटर. यात उत्सर्जन कमी केलं काय, न केलं काय, फारसा फरक पडत नाही, ते बरंचसं ठरून गेलंय. फरक पडतो तो नंतर: 2100 पर्यंत उत्सर्जन झपाट्याने घटवलं तर 28 ते 55 सेंटिमीटर, सर्वाधिक उत्सर्जनाच्या वाटेवर 63 सेंटिमीटर ते 1 मीटर. बर्फाचे थर अपेक्षेपेक्षा लवकर कोसळले तर याहून जास्त होण्याची शक्यता अहवालाने नाकारलेली नाही. थ्वाइट्सवर एवढी माणसं जीव धोक्यात घालून जातात ती यासाठीच.

बांधाचं आयुष्य पन्नास वर्षं धरत असाल तर आज बांधलेला बांध 2075 च्या समुद्रासमोर उभा राहणार आहे. जुन्या कमाल भरतीवर थोडी वाढीव उंची ठेवून चालणार नाही.

---

मैत्रीचा_हिवाळा

एवढंच जोडतो: तिकडे बर्फात भोक पाडून मोजणारे आणि इकडे उघाडीचं पाणी मोजणारा, दोघं एकच काम करताहेत. आणि इकडच्या मोजणीला ना जहाज लागतं ना पिस्टन बुली. उघाडीच्या खांबावर आखलेली एक पट्टी पुरे.

---

खारेपाट_शेतकरी

जलसंपदा काका, आभार. वेळ कापला जातो हे आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना सांगितलं तर ते लगेच ओळखतील. उघाडी किती वेळ "धावते" हे ते बघून सांगायचे.

पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा विचार आहे. मसुदा असा: गावच्या बांधाच्या माथ्याची आणि उघाडीच्या तळाची आजची पातळी मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. उघाडीवर बाहेरून आणि आतून पट्टी रंगवून प्रत्येक उधाणाची नोंद वहीत ठेवावी. बांधाच्या पुढच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक करताना समुद्रपातळीतली वाढ किती धरली, ते लेखी कळवावं. यात काही वाढवायचं का?

---

शिरीषफूल

दोन गोष्टी वाढवा. नोंद करताना खांड, तुंबलेलं पाणी आणि बुडालेलं क्षेत्र तारखेसह लिहा, म्हणजे नीलमोहर म्हणतात तसा भरपाईचा दावा उद्या कोणी करायला गेला तर कागद हाताशी असेल. आणि उघाडी किती वाजता धावायला लागली आणि किती वाजता थांबली, हा रकाना हवाच, कारण पाणी चढताना पहिला फरक तिथे दिसणार आहे. पाऊस किती पडला तेही शेजारी लिहा, नाहीतर सगळं पावसाच्या नावावर जाईल.

वहीचा तक्ता मी आखून उद्या इथेच टाकते. जलसंपदा काका, पट्टीची शून्य पातळी कुठे धरायची, आणि ती सर्व्हेच्या खुणेशी कशी जोडायची, हे सोप्या भाषेत लिहून द्याल का? माझ्या कॉलेजची बरीच मुलं खाडीकाठच्या गावांतली आहेत. यंदाचा प्रकल्प त्यांना हाच देते, आपापल्या गावची उघाडी.

---

जुना_जलसंपदा

देतो. रविवारपर्यंत लिहितो. जवळची सर्व्हेची खूण सापडली नाही तर तात्पुरती कोणती पक्की जागा धरायची, तेही लिहीन. फक्त ती जागा भरावावरची नको, खडकावरची किंवा जुन्या पक्क्या बांधकामावरची बघा. भराव खचतो, आणि मग समुद्र चढला की जमीन बसली हे कळणार नाही.